एकाच बँडला पुन्हापुन्हा ऐकायला जाणारे इथे कोणी आहेत का?

तळ्यात_मळ्यात | गुरुवार, रात्री ११:५२

परवा माळा आवरताना बायकोला बुटांच्या खोक्यात कागदी पट्ट्यांचा गठ्ठा सापडला. गिगला, म्हणजे बँडच्या छोट्या लाइव्ह कार्यक्रमाला, आत सोडताना मनगटाला चिकटवतात त्या. मी त्या कात्रीने नीट कापून ठेवतो, का ते मला विचारू नका. तिने जमिनीवर मांडून मोजल्या. सव्वीस. त्यातल्या नऊ एकाच बँडच्या.

"नऊ वेळा? तीच गाणी?"

मी म्हटलं, तू सवाईला दर वर्षी जातेस, तिथे यमन किती वेळा ऐकलास? ती म्हणाली, यमन दर वेळी तोच नसतो. म्हटलं, मग हेच तर मी सांगतोय. त्यावर "तुझ्या त्या पोरांची आणि यमनची बरोबरी करू नकोस" असं म्हणून खोकं परत माळ्यावर गेलं. विषय तिथे संपला, पण माझ्या डोक्यातून जाईना म्हणून हा धागा.

बँड म्हणजे ईझी वाँडरलिंग्ज. आपल्या पुण्याचाच. साधारण २०१५ पासूनचा. गाणी लिहितो सन्यंत नारोथ, गाते प्रतिका गोपीनाथ, सोबत फ्लूट, व्हायोलिन, कीबोर्ड, गिटारी, ड्रम असा सात-आठ जणांचा बारदाना. गाणी इंग्रजी, मऊ, थोडी जुन्या सोल संगीताकडे झुकणारी. २०१७ मध्ये त्यांचा 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' हा पहिला अल्बम आला तेव्हा मी हिंजवडीच्या बसमध्ये कानात घालून तो इतका ऐकला की आजही त्यातली काही गाणी लागली की मला वाकडच्या पुलावरचा ट्रॅफिक दिसतो. मग कळलं की ही माणसं इथलीच आहेत आणि आपण उठून रिक्षाने त्यांना ऐकायला जाऊ शकतो. मला त्याचंच फार अप्रूप वाटलं होतं. ज्याचं गाणं कानात असतं तो माणूस मुंबईत, नाहीतर लंडनमध्ये, नाहीतर वारलेला असतो अशी माझी समजूत होती.

तर मुद्दा असा. मोठ्या गायकाच्या कार्यक्रमाला आपण एकदा जातो, लांबून बघतो, फोटो काढतो. छोट्या बँडकडे परत परत गेलं की भलत्याच गोष्टी दिसायला लागतात. नवीन गाणं पहिल्यांदा वाजतं तेव्हा ते कच्चं असतं. तीन महिन्यांनी त्याची सुरुवात बदललेली असते, सहा महिन्यांनी मधलं एक कडवं गेलेलं असतं, आणि वर्षाने ते रेकॉर्ड होऊन येतं तेव्हा आपल्याला ते गेलेलं कडवं आठवत असतं. हे सगळ्याच छोट्या बँडांचं आहे, एकाचं नाही. ते कडवं आता जगात कुठेही नाही, फक्त त्या रात्री हजर असलेल्या साठ-सत्तर लोकांकडे आहे, आणि त्यातले निम्मे बोलत होते.

त्या बोलण्याबद्दलही लिहायचंय, पण आधी तुमचं सांगा. कोणाच्या मागे फिरता? एकटे जाता का? मी ३८ वर्षांचा आहे आणि हल्ली तिथे बहुतेकांचा दादा दिसतो.

---

पेठेतला_पोपट | शुक्रवार, सकाळी ७:१५

शीर्षक वाचून वाटलं प्रभात बँडबद्दल आहे. धावत आलो.

---

पेठेतला_पोपट | शुक्रवार, सकाळी ७:३१

गंमत नाही करत हो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथकं सगळेच बघतात, मी ब्रास बँडच्या मागे चालतो. लहानपणी वडिलांचं बोट धरून चालायचो, आता गुडघ्याला पट्टा लावून. क्लॅरिनेटवाला जरा दमला की बाजूचा ट्रम्पेटवाला त्याची ओळ कशी उचलतो ते बघायला मजा येते. तेही लोकलच. तेही लाइव्ह. तिकीट नाही, पट्टी नाही, आणि बोलणाऱ्यांचा त्रास नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नाही.

---

तळ्यात_मळ्यात | शुक्रवार, सकाळी ९:०४

पोपटराव, दंडवत. हे माझ्या धाग्यात बसतंच बसतं. ती उचललेली ओळ बघायलाच तर जायचं असतं.

---

निवांत_७१ | शुक्रवार, सकाळी १०:२०

मी या विषयातला नाही, पण दोन शंका आहेत. रागावू नये.

पहिली. पुण्यातली मुलं इंग्रजीत का गातात? मराठीत सुचत नाही, की मराठीत कोणी ऐकत नाही?

दुसरी. माझा नातू सांगत होता की या कार्यक्रमांत शेवटी कलाकार आत जातात, लोक टाळ्या वाजवत राहतात आणि मग ते परत येऊन आणखी एक गाणं म्हणतात. हे आधीच ठरलेलं असतं म्हणे! आमच्याकडे संगीत नाटकात वन्स मोअर असायचा. पण तो त्याच पदाला, तिथल्या तिथे. पद आवडलं म्हणून तेच पुन्हा. नट मेलेला असला तरी उठून गायचा. तुमच्याकडे आवडलेलं सोडून दुसरंच गातात, मग ती दाद कशाला झाली?

---

एसवाय_बीए | शुक्रवार, दुपारी १२:४८

काका, दुसरा प्रश्न भारी आहे 😄 खरंच, एन्कोर म्हणजे दाद नाही, सेटलिस्टचा (वाजवायच्या गाण्यांच्या यादीचा) शेवटचा भाग आहे. कागदावर रेघ मारून खाली दोन गाणी लिहिलेली असतात. मी स्टेजवरून उचललेल्या एका सेटलिस्टवर पाहिलंय.

आता माझं रडगाणं. मी १९ ची आहे. पुण्यातले निम्म्याहून जास्त गिग बारमध्ये होतात आणि दारावर २१ च्या खाली प्रवेश नाही. मला दारू प्यायचीच नाहीये! मला फक्त गाणी ऐकायची आहेत. आधी काही ठिकाणी हातावर फुली मारून सोडायचे. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरचा तो अपघात (पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीचा) झाला, त्यानंतर तपासण्या सुरू झाल्या आणि आता कोणी जोखीम घेत नाही. त्यांचंही चूक नाही. पण म्हणजे ज्या वयात माणूस बँडच्या मागे वेडा होतो त्याच वयात त्याला आत सोडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मी आणि माझी मैत्रीण मुंढव्याच्या बाजूला एका जागेच्या मागच्या भिंतीला टेकून आख्खा शो ऐकला. भिंतीतून फक्त बेस आणि ड्रम येतात. शब्द आम्ही स्वतः म्हणत होतो. वॉचमनकाकांनी खुर्च्या दिल्या.

---

तळ्यात_मळ्यात | शुक्रवार, दुपारी १:१०

वॉचमनकाकांना माझ्याकडून चहा.

निवांतकाका, पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: ज्या भाषेतली गाणी ऐकत माणूस वाढतो त्या भाषेत त्याला सुचतं. यातले बरेच जण शाळेपासून इंग्रजी गाण्यांवर वाढलेत, आणि पुण्यात राहणारा प्रत्येकजण मराठी घरातला असतो असंही नाही. मराठीत करणारेही आहेत. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' तुकाराम-नामदेवांचे अभंग गिटार-ड्रमवर गातो. तुम्हाला आवडेल, किंवा फार राग येईल. मधलं काही होणार नाही.

---

जरा_मॉनिटर_वाढव | शुक्रवार, सायंकाळी ४:३५

मी साउंडचं काम करतो. पुण्यात बारा वर्षं. बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्याने लिहितं केलं.

धागाकर्त्याने वर "दर वेळी तेच नसतं" म्हटलंय त्याची थोडी आतली बाजू सांगतो. प्रेक्षकाला वाटतं बँडचा मूड बदलला. बरेचदा खोली बदललेली असते.

छोट्या जागेत सगळं ड्रमवर ठरतं. ड्रमला माइक लावला नाही तरी तो खोली भरून टाकतो. तो जेवढा मोठा वाजेल त्याच्या वर बाकी सगळ्यांना जावं लागतं. त्यामुळे अशा बँडमध्ये, जिथे हळू गाणारी गायिका आहे, फ्लूट आहे, व्हायोलिन आहे, तिथे ड्रमर समजूतदार असणं हे माझ्या सगळ्या मशीनपेक्षा महत्त्वाचं. काठ्यांऐवजी मऊ ब्रश घेऊन वाजवणारा ड्रमर दिसला की मी मनात नमस्कार करतो.

फ्लूटचं वेगळंच. हवा थंड झाली की कुठलंही फुंकवाद्य उतरतं. बाहेर ३२ अंश, आत एसी २२ वर. या दहा अंशांत सूर अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाली येतो. आणि गिटारच्या तारा थंडीत आखडून चढतात! म्हणजे एक खाली, एक वर. म्हणून तो माणूस दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य हातात धरून फुंकर घालत बसलेला दिसतो. त्याला स्टाइल समजू नका, तो ते गरम ठेवतोय.

साउंडचेक, म्हणजे शोआधी आवाज लावून बघणं, दुपारी रिकाम्या खोलीत होतो. रात्री शंभर माणसं येतात, आणि माणसं, त्यांचे कपडे, वरचे सूर शोषून घेतात. दुपारी कर्कश वाटलेलं रात्री बरोबर लागतं. माणसं कमी आली तर कर्कशच राहतं. म्हणजे तुम्ही आलात की नुसती बँडला नाही, आवाजालाही मदत होते. हे खरं सांगतोय.

आणि हो, मुख्य बँडचा साउंडचेक आधी होतो, शोमध्ये आधी वाजवणाऱ्यांचा शेवटी, म्हणजे त्यांची मांडणी तशीच ठेवून शो सुरू करता येतो. मुख्य बँडला उशीर झाला की नव्या पोरांच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. "पहिला बँड काही खास नव्हता" म्हणण्याआधी एवढं आठवा.

---

मडगांवकरीण | शुक्रवार, सायंकाळी ६:०२

आमच्या गोंयात लाइव्ह बँड काय नवीन नाही, लग्नाला बँड नसला तर लोक विचारतात काय भांडण झालं काय म्हणून. पण ते सगळं लोकांना ठाऊक असलेलं वाजवतात. माझा भाऊ स्वतःची गाणी करतो. तिसऱ्या गाण्याला कोणीतरी टेबलावरून ओरडतोच, "अरे, ओळखीचं काय तरी वाजय!" त्याच्यावर त्यानं एक उपाय काढलाय. स्वतःचं गाणं सुरू करण्याआधी सांगतो, हे सत्तर सालचं एक जुनं गाणं. मग सगळे माना डोलवतात. एक अंकल तर येऊन म्हणाले, हे आम्ही लग्नात नाचलेलो.

---

एसवाय_बीए | शुक्रवार, सायंकाळी ६:०९

😂😂 अंकल

---

तळ्यात_मळ्यात | शुक्रवार, रात्री १०:४०

आता माझी तक्रार. जागेचं नाव घेत नाही, बँडचंही नाही.

गेल्या डिसेंबरात एका गिगला गायिका फक्त पियानोवर एक गाणं म्हणत होती. तिने आधी सांगितलं की हे पहिल्यांदाच म्हणतेय. माझ्या मागे सहाजणांचं टेबल होतं. कंपनीतलं कोणाचं तरी प्रमोशन. आख्खं गाणं त्यांच्या अप्रेझलवर गेलं. मला आजही त्या गाण्याची चाल आठवत नाही पण त्यांच्यातल्या एकाला किती टक्के वाढ मिळाली ते आठवतं. (अठरा.)

मी मागे वळून बघितलं, तर त्यांनीच माझ्याकडे "काय झालं" असं बघितलं. बालगंधर्वला नाटकात कोणाचा फोन वाजला तर चार रांगा मागे वळतात. सवाईला शेजारच्याच्या पिशवीचा कागद वाजला तरी काकू डोळे वटारतात. इथे पाचशे रुपयांचं तिकीट काढून लोक गाण्याकडे पाठ करून बसतात. का येतात मग?

---

चौथी_तार | शनिवार, रात्री १२:२७

मी एका बँडमध्ये बेस वाजवायचो. बँड आता नाही, आम्ही सगळे नोकऱ्यांना लागलो, भांडण वगैरे काही नाही. मळ्यातसाहेब, तुम्ही चांगलं मन लावून ऐकणारे दिसता, म्हणून हे तुम्हाला सांगतो. थोडं कडू लागेल.

तिकीट ४९९ ला का असतं माहितीये? संगीताच्या कार्यक्रमाचं माणशी तिकीट पाचशेपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. पाचशेच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणून छोटे शो ४९९ ला येऊन थांबतात.

आता आमचा एक चांगला शो सांगतो. ऐंशी तिकिटं गेली. ४९९ गुणिले ८०, म्हणजे ३९,९२०. करार सत्तर-तीस, आमचे २७,९४४. त्यातून टेम्पो ४,५००. त्या शोसाठी केलेल्या सहा तालमींचं खोलीभाडं ९,०००. आमच्या आधी वाजवलेल्या पोरांना ३,०००. आमचा स्वतःचा साउंडवाला ४,००० (मित्र होता म्हणून). उरले ७,४४४. आम्ही पाचजण. माणशी १,४८८ रुपये. बेसच्या चांगल्या तारांचा एक संच त्याहून महाग येतो. आणि हा चांगला शो होता! वाँडरलिंग्जसारखे सात-आठजण असते तर भागाकार तुम्हीच करा.

आता जागेकडे बघा. तीस टक्क्यांत, म्हणजे बारा हजारांत, त्यांचं भाडं, एसी, वेटर, परवाने, स्टेज, स्पीकर निघतात का? नाही निघत. ते निघतं बारवर. मी स्वतः दोन पाण्याच्या बाटल्यांवर तीन तास गिग ऐकणारा माणूस आहे, तुम्हीही तसेच असणार असा माझा अंदाज. मॅनेजर माझ्याकडे बघून हसायचा, पण त्याला हवं असायचं ते सहाजणांचं टेबल. त्या टेबलाचं बिल वीस हजार होतं, म्हणून पुढच्या महिन्यात तिथे परत गिग होतो.

तुम्ही ज्यांच्यावर चिडलात त्यांच्याच पैशाने तुम्ही ते गाणं ऐकलंत. ऐकलं नाहीत म्हणा, पण तेवढंच.

---

तळ्यात_मळ्यात | शनिवार, सकाळी ८:१५

रात्री वाचलं होतं. उत्तर सुचलं नाही म्हणून झोपलो.

दोन पाण्याच्या बाटल्या हा अंदाज बरोबर आहे. कधी कधी एक आणि मसाला शेंगदाणे.

---

ग्लासगोकर | शनिवार, दुपारी २:५०

इथल्या वेळेनुसार सकाळी कॉफी घेता घेता धागा वाचला. मूळचा सातारचा, नोकरीमुळे अकरा वर्षं ग्लासगोत.

इथे लोकल बँड हा गावाच्या अभिमानाचा विषय आहे. बेल अँड सबॅस्टियन इथलाच. १९९६ चा त्यांचा पहिला अल्बम एका कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून निघाला, फक्त हजार तबकड्या. १९९९ मध्ये ब्रिट पुरस्कारांत नवोदितांचा पुरस्कार त्यांना मिळाला तो चाहत्यांनी इंटरनेटवर मतं देऊन, समोर बरीच मोठी नावं असताना. किंग टट्स नावाची तीनशे माणसांची एक जागा आहे, तिच्या जिन्याच्या पायऱ्यांवर कोणत्या वर्षी कोण वाजवून गेलं ती नावं रंगवलीयत. १९९३ मध्ये ओअ‍ॅसिसला तिथेच रेकॉर्ड कंपनीवाल्याने हेरलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पायऱ्या वाचत वाचत चढलो आणि पहिलं गाणं चुकलं.

पण दोन गोष्टी इथून तिकडे न्याव्याशा वाटतात. एक, वेळ. दारावर कागद असतो: दार ७:००, पहिला बँड ७:४५, मुख्य ९:००, बंद १०:३०. आणि तसंच होतं. पुण्यात सुट्टीत एका गिगला "रात्री ८ वाजता" वाचून पावणेआठला गेलो तर वेटर खुर्च्या पुसत होते. दोन, काही शो चौदा वर्षांवरच्यांना खुले असतात. एसवाय_बीए, तुला इथे भिंतीला टेकावं लागलं नसतं.

बोलणारे मात्र इथेही आहेत. फक्त ते काय बोलतात ते मला अजून नीट कळत नाही, त्यामुळे त्रास कमी होतो.

---

निवांत_७१ | शनिवार, दुपारी ४:१०

वेळेवरून सांगतो. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. रमणबागेत असताना आम्ही रात्र रात्र बसायचो. पहाटे भीमसेनजी गायला बसायचे, आम्ही सतरंजीवर अंगावर शाल घेऊन. मधे एखादा घोरायचा, त्याला कोणी उठवायचं नाही. पुढे दहा वाजता ध्वनिवर्धक बंद करण्याचा नियम आला आणि ते गेलं. तेव्हा गप्पा व्हायच्या नाहीत असं तुम्ही समजता, तसं नाही. गप्पा बाहेर, वड्याच्या स्टॉलवर व्हायच्या. आत ऐकणारे, बाहेर बोलणारे, आणि दोघेही तिकीट काढलेले. तुमच्या बारमध्ये बाहेर नाही, एवढीच अडचण दिसते.

---

चौथी_तार | शनिवार, दुपारी ४:२२

काका, आम्ही पाच वर्षं यावर डोकं फोडलं, तुम्ही दोन ओळींत मांडलंत.

---

एसवाय_बीए | शनिवार, सायंकाळी ५:३०

मग नाट्यगृहात का नाही करत? सुदर्शन रंगमंच आहे, ज्योत्स्ना भोळे आहे. छोटी आहेत, बसायला आहे, १९ वर्षांच्या माणसाला आत घेतात!

---

जरा_मॉनिटर_वाढव | शनिवार, सायंकाळी ६:१५

करतात काहीजण, आणि मला काम करायला तिथे फार आवडतं. पण तिथे भाडं आधी भरायचं, बारचा आधार नाही, म्हणजे सगळा भार तिकिटावर. तिकीट पाचशेच्या वर नेलं की करही वाढला. शिवाय बसलेल्या प्रेक्षकांसमोर पॉप वाजवणं बँडला अवघड जातं. अंधारात शंभर माणसं हाताची घडी घालून बसलेली. गाणं आवडलं की नाही ते टाळ्या येईपर्यंत कळत नाही. बारमध्ये पाठ करून बसलेल्याचाही पाय हलताना दिसतो.

घरगुती मैफलीसारखा प्रकारही आहे, सोफार साउंड्स. लंडनला २००९ मध्ये सुरू झाला, भारतातही होतो. जागा आदल्या दिवशी कळते, जमिनीवर बसायचं, गाणं चालू असताना बोलायचं नाही. ते लोक आपण काही नवीन काढलं असं सांगतात तेव्हा मला काकांची सतरंजी आठवते.

---

तळ्यात_मळ्यात | रविवार, सकाळी १०:०५

काल संध्याकाळी एक गिग होता. वाँडरलिंग्जचा नाही, त्यांचा या महिन्यात इथे काही दिसला नाही. चार पोरांचा एक नवा बँड, अजून अल्बम वगैरे काही नाही. आपले निवांतकाका माझ्याबरोबर आले होते. हो, खरंच. शुक्रवारी रात्री त्यांनी व्यक्तिगत निरोप केला: "एकदा बघतो, पण मला घरून घेऊन घरी सोडावं."

वनाजहून मेट्रोने बंड गार्डनला उतरलो आणि पुढे रिक्षा केली. परत यायला मेट्रो मिळणार नाही हे मला माहीत होतं, काकांना सांगितलं नव्हतं. दारावरच्या मुलाने काकांच्या मनगटाला पट्टी लावली आणि सवयीने ओळखपत्र मागितलं. काकांनी पाकिटातून ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढून दिलं. तो मुलगा बराच वेळ गंभीरपणे ते वाचत होता.

मी चौथी_तार यांचं ऐकून या वेळी जेवायची ऑर्डर दिली. पनीर टिक्का आणि दोन लिंबू सोडा. बिल बघून बायकोला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

बाकी काकांनीच लिहावं.

---

निवांत_७१ | रविवार, दुपारी १२:३०

लिहितो. खोटं स्तुतिपर लिहिणार नाही.

कार्यक्रम साडेआठचा होता, सुरू झाला नऊ पंचवीसला. त्याबद्दल कोणी क्षमा मागितली नाही. आवाज माझ्या वयाला फार होता, कापसाचे बोळे नेले होते ते कामी आले. शब्द मला निम्मे कळले नाहीत. शेजारच्या टेबलावर गप्पा चालू होत्या, पण आमच्या यजमानांना त्याचा माझ्यापेक्षा जास्त त्रास होत होता. ते दर गाण्याला त्या टेबलाकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, तुम्हीही गाणं ऐकत नाही आहात.

गिटारवाला मुलगा दर दोन गाण्यांनी वाद्य सुरात मिळवत होता. हे मला आवडलं. मिळवताना घाई केली नाही, लोक थांबले आहेत म्हणून कसंतरी उरकलं नाही. एक गाणं त्यांनी सुरू केलं, चार ओळी झाल्यावर गाणाऱ्या मुलीने हात वर केला, म्हणाली, चुकीच्या पट्टीत सुरू केलं, आणि हसून पुन्हा पहिल्यापासून केलं. त्या दुसऱ्या वेळी टेबलंसुद्धा गप्प झाली होती. ते गाणं मला लक्षात आहे. सकाळी पूजा करताना गुणगुणत होतो, शब्द येत नसल्यामुळे नुसतं ना ना ना.

मी उभा किती वेळ राहणार? बसायला उंच स्टुलं होती, त्यांना पाठ नाही, पाय अधांतरी. साडेदहाला गुडघ्यांनी सांगितलं की पुरे. शेवटची गाणी राहिली. त्यामुळे तो ठरलेला वन्स मोअर मी पाहिलेला नाही. आमच्या यजमानांनाही माझ्यामुळे उठावं लागलं, त्याचं वाईट वाटतं. रिक्षाला रात्रीचं भाडं मीच दिलं.

---

एसवाय_बीए | रविवार, दुपारी १२:४१

काका ७१ व्या वर्षी आत आणि मी बाहेर. काय न्याय आहे.

---

तळ्यात_मळ्यात | रविवार, दुपारी १२:५०

काका, वाईट काय वाटायचं. आणि टेबलाकडे बघण्याबद्दल म्हणालात ते घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती फार वेळ हसली.

पट्टी टाकून दिलीत का? नसेल तर कात्रीने कापा, ओढू नका, केस उपटतात.

---

निवांत_७१ | रविवार, दुपारी १:१५

अजून हातातच आहे. सुनेने विचारलं, हॉस्पिटलात कधी गेला होतात.

---

जरा_मॉनिटर_वाढव | रविवार, दुपारी १:४०

काल रात्री साउंडच्या डेस्कवर मीच होतो. कापसाचे बोळे घातलेले एक आजोबा दिसले होते, ते तुम्ही असाल असं वाटलं नाही.

पुढच्या वेळी आलात की आधी माझ्याकडे या. डेस्कच्या मागे सामानाची मोठी पेटी असते, पाठ भिंतीला टेकते, पाय जमिनीला लागतात. त्या पेटीवर बसा. आवाजही आख्ख्या खोलीत तिथलाच बरा असतो, कारण मी तिथे बसून लावलेला असतो.